मंदाकाकूंची तहानलेली बोगनवेल

सरावलीत आमच्या शेजारी मंदाकाकू राहतात. सगळी हयात त्यांनी एका कारखान्यात पॅकिंग करण्यात घालवली. निवृत्त होताना साहेबांनी विचारलं, "भेट काय देऊ?" काकूंनी मागितली गेटवरच्या बोगनवेलीची फांदी! त्या वेलीला कधी कुणी पाणी घातलं नव्हतं, तरी उन्हाळाभर ती गुलाबी व्हायची. शिफ्ट सुटल्यावर तिच्याकडे बघितलं की दमणूक जायची, असं काकू सांगतात.

फांदी घराच्या फाटकाशी लावली. ती अंगाने भरली, कमानीवर चढली. फूल मात्र औषधालाही नाही. नुसता पाला आणि बोटभर काटे. कुरिअरवाला लांबूनच हाका मारायचा. सून रूपलची नवी ओढणी फाटली तेव्हा ती चिडून म्हणाली, "आई, होळीपर्यंत फुलली तर ठीक, नाहीतर होळीतच टाकू." काकू हो म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"अगो, तहानली की फुलते ही," त्या मला म्हणायच्या. "मी थेंब घालत नाय, तरी अशी का वागते?"

उत्तर घरातच होतं. ते कळलं काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वलसाडला मुलीकडे गेले तेव्हा. काकूंचे यजमान कृष्णकांतकाका चिंचणीकडच्या वाडीत वाढलेले, केळी-नारळी शिंपत. एका दुपारी मी काकूंबरोबर वाल सोलत बसले होते. काकांचा फोन आला, स्पीकरवर.

"मंदा, तेवढं फाटकावरच्या वेलीला पानी घाल."

"तिला कोन पानी घालतं?"

 मग काका हळूच म्हणाले, "मीच. तू आंघोळीला गेलीस की रोज दोन बादल्या. दारात उभ्या असलेल्याला पानी विचारल्याशिवाय नाय राहवत मला."

जित्याची खोड ती! काकूंनी आधी फोनवरच त्यांची बिनपाण्याने केली, मग वालाची सालं उधळत इतक्या हसल्या की मलाही आवरेना. एवढी वर्षं वेल लाडाने बिघडली होती.

आता होळी तोंडावर. पाणी तुटलं तशी पानं मलूल झाली, गळू लागली. काकू येता-जाता फांद्या न्याहाळत. एकदा तर रूपलच पाण्याचा तांब्या घेऊन निघाली. "बघवत नाही हो, आई!" काकूंनी तांब्या काढून घेतला. मला वाटलं, गेली आता वेल.

आणि मग एका टोकाला गुलाबी ठिपका दिसला. दोन दिवसांत दहा. बघता बघता पाला दिसेनासा झाला, गल्लीतली माणसं फाटकाशी थांबून फोटो काढू लागली. होळीत टाकायचं नाव रूपलने पुन्हा काढलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी काका बोईसर स्टेशनवरून रिक्षाने आले. काकू पुरणाच्या हातांनीच फाटकात उभ्या. रिक्षा दाराशी मंदावली आणि आतून काकांचा आवाज आला, "आगे लो भाई, ये घर हमारा नहीं है."

रिक्षा खरंच पुढे गेली! काकू ओरडत मागे धावल्या, "अहो, थांबा! आपलंच हाय हो, आपलंच!"