एक लाख ऐंशी हजारांचा प्राध्यापक

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, ओळख पटणार नाही अशी प्रेतं पाहिली. तरी निवृत्तीनंतर कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हटलं की मी हीच सांगतो, आणि सांगताना आवाज चढतोच. बायको म्हणते, आधी बीपीची गोळी घ्या आणि मग सांगा. गोळी घेऊनही चढतो.

मी तेव्हा बदलापूरकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नाव कुणाचंच सांगणार नाही, त्यातली बरीच माणसं अजून त्याच बाजारात भाजी घेतात. सकाळची हजेरी आटोपून केबिनमध्ये बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं दोघांना आत आणलं. एक साठी ओलांडलेले गृहस्थ. अंबरनाथ एमआयडीसीत फिटर म्हणून आयुष्य काढलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, 'जय भीम, साहेब' म्हणून ताठ उभे राहिले. दुसरे त्यांच्या होणाऱ्या सुनेचे मामा. गृहस्थांचा मुलगा आदल्या संध्याकाळी कॉलेजातून निघाला, स्टेशनबाहेर रिक्षात बसला, आणि घरी पोचलाच नाही. फोन बंद. लग्न पुढच्या महिन्यात.

तरणा माणूस हरवला की आम्ही आधी देणं, दारू आणि भांडण विचारतो, मग काम आणि पगार. वडील म्हणाले, मुलगा युनिव्हर्सिटीत फिजिक्सचा प्रोफेसर आहे, पीएच.डी. झालेला, पगार दीड लाख. बोलताना ते माझ्याकडे नव्हे, भिंतीवरच्या हद्दीच्या नकाशाकडे बघत होते.

पगाराबद्दल माझा एक अनुभव आहे. खरा पगार सांगणारा माणूस कुरकुरत सांगतो. एवढा आहे, पण कापून हातात एवढाच येतो, त्यातून हप्ता जातो, असं काहीतरी. गोल आकडा ठणकावून सांगणाऱ्याचं काहीतरी झाकलेलं असतं. पण विद्यापीठातल्या कायम प्राध्यापकाला लाख-दीड लाख मिळतात, ज्येष्ठांना त्याहून जास्त, हे मलाही ऐकून माहीत होतं. मी मिसिंग दाखल करायला सांगितली.

अंमलदार उंची, रंग, चष्मा असं वर्णन लिहीत होता, तोच वडिलांचा फोन वाजला. नंबर मुलाचाच होता. मी खुणेनं स्पीकर लावायला लावला.

"लड़का हमारे पास है," पलीकडचा माणूस म्हणाला. "एक लाख अस्सी हजार पगार है ना उसका? दस महीने का पगार तैयार रखो."

फोन बंद झाला. वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. मामांचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. आम्हाला तर दीडच सांगितला होता, असं ते पुटपुटले. पोरगं पळवलेलं आणि ह्यांची बेरीज-वजाबाकी चाललेली. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. पण त्यांनी जे टिपलं होतं ते मीही टिपलं होतं. बापाच्या तोंडी एक आकडा होता आणि चोरांच्या तोंडी दुसरा.

वरिष्ठांना कळवलं, खंडणीसाठी अपहरणाचा गुन्हा दाखल केला, मोबाईल कंपनीकडे लोकेशन मागितलं. सिनेमात ते लगेच येतं, आम्हाला वाट बघावी लागते. तोवर उल्हासनगरातल्या त्याच्या कॉलेजात फोन लावला. ऑफिसातल्या बाईंनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, ते सर आमचे कायम नाहीत, तासिका तत्त्वावर आहेत. विद्यापीठातही एम.एस्सी.च्या वर्गावर ते तसेच जातात.

म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्यांचेच पैसे. तेही दरमहा नाहीत, बिल मंजूर झालं की एकदम, कधी कधी अख्खं सत्र उलटून गेल्यावर. मे महिन्यात वर्ग नाहीत म्हणून पैसेही नाहीत. दोन्हीकडचे मिळून महिन्याला सरासरी वीस-बावीस हजार पडत होते. त्याच विभागात, त्याच फळ्यासमोर, तोच विषय शिकवणाऱ्या कायम माणसाला दीड लाख, आणि ह्याला वीस हजार. माझी जीप चालवणाऱ्या शिपायाचा पगार ह्या डॉक्टरेटवाल्याच्या दुपटीहून जास्त होता. मी फोन ठेवला तेव्हा मला चोरांचा राग यायला हवा होता, पण आला तो दुसऱ्याच कुणाचा तरी.

वडिलांना एका बाजूला घेऊन मी समजावलं. पुन्हा फोन आला की खरा पगार सांगा. चोरांना वाटतंय मोठा मासा गळाला लागलाय. खरं कळलं तर मागणी खाली येईल, पोराला धोका कमी होईल, आम्हालाही वेळ मिळेल. त्यांनी मान डोलावली.

फोन आला. "तुम्हारा लड़का बोलता है पगार बीस हजार है. तुम बोलो, सच क्या है?"

मी वडिलांना खूण केली. मामा समोरच्या खुर्चीत पुढे झुकून बसले होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं.

"खोटं बोलतोय तो," ते म्हणाले. "एक ऐंशीच हाय."

पलीकडून शिवी ऐकू आली, मग फटक्याचा आवाज, आणि मुलगा कळवळून ओरडला. फोन कट झाला.

मी आयुष्यात पुष्कळ बाप पाहिले. दारूसाठी पोराला विकायला निघालेला पाहिला, पोरासाठी खुनाचा आळ अंगावर घेणाराही पाहिला. असा बाप पाहिला नव्हता. मामांना चहाला बाहेर पिटाळलं, दार लावलं आणि त्या माणसाची चौकशी सुरू केली. फिर्यादीचीच चौकशी करायची वेळ माझ्यावर तेव्हाच आली.

ते माझ्यावरच उखडले. पगार पगार काय लावलंय, पोराला शोधा, म्हणाले. मी म्हटलं, शोधायचा रस्ता त्या पगारातूनच जातो. मला दीड सांगितलात, मामांना दीड सांगितलात. मग चोरांच्या कानावर एक ऐंशी गेलं कुठून? हा आकडा तुम्ही कुणापाशी बोललात?

त्यांनी बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग बांध फुटला.

"पीएच.डी. झाला तवा वस्तीभर पेढे वाटले मी, साहेब. आमच्यात पयलाच तो. पेढे खाल्लेल्या लोकांना आता काय सांगू? याला रिक्षावाल्याएवढं बी भेटत नाय?"

म्हणून वस्तीत लाख सांगितला. मुलीकडच्यांना सांगताना जीभ दीडवर गेली. आणि एक ऐंशी? तो एकदाच, एकाच ठिकाणी. सोनिवलीला नव्या इमारती उभ्या राहतायत, तिथे ते फ्लॅट बघायला गेले होते. लग्नानंतर पोराला स्वतःचं घर हवं म्हणून. तिथल्या एजंटनं आधी त्यांच्या चपलांकडे पाहिलं आणि मग विचारलं, काका, बजेट आहे का. ती नजर त्यांना लागली. त्यांनी पोराचं नाव, कॉलेज सगळं सांगून पगार एक ऐंशी सांगितला, वर कर्जाची गरज नाही, रोख घेऊ, असंही ठोकून दिलं.

त्यानंतर मला त्यांच्यावर चिडता येईना. खोटं त्यांचं होतं, पण ते बोलायला लागावं अशी पाळी त्यांच्यावर दुसऱ्यांनी आणली होती.

साध्या कपड्यातले दोघे गिऱ्हाईक म्हणून पाठवले आणि एजंटला उचलून आणलं. पांढरे बूट, केसांना जेल, हातात दोन फोन. त्या काकांना ओळखतोस का विचारलं तर आईची शपथ घेऊन म्हणाला, रोज इतके कस्टमर येतात, चेहरे कुठे लक्षात राहतात. मी आवाज चढवला नाही. शपथ घाईघाईनं घेणाऱ्यावर आवाज वाया घालवू नये. चहा मागवला आणि अंमलदाराला सहज म्हणालो, म्हातारा काय फेकतो बघ, याच्याकडे जाऊन म्हणे पोराचा पगार दोन लाख सांगितला.

"दो नहीं सर, एक अस्सी बोला था," एजंट म्हणाला.

चेहरा आठवत नव्हता, पगार मात्र पाठ होता. चहा यायच्या आत त्यानं सगळं ओकलं. रिक्षाचे हप्ते थकलेला त्याचा एक दोस्त आणि त्या दोस्ताचा मेहुणा अशा दोघांना त्यानं ही टीप दिली होती. माणूस कुठे ठेवलाय ते आपल्याला माहीत नाही, हे मात्र तो खरं बोलत होता.

तो दोस्त एमआयडीसीच्या स्टँडवर रिक्षा लावायचा. तिथे आमचा जुना खबरी होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, ती गाडी कालपासून जांभूळ गावच्या रस्त्याला एका बंद शेडबाहेर उभी आहे, शिफ्ट सुटली तरी तो भाडं मारायला आला नाही. हप्ते थकलेला रिक्षावाला शिफ्टची गर्दी सोडत नाही. तेवढ्यात लोकेशनही आलं आणि तेही त्याच बाजूचं निघालं. आम्ही भर दुपारी शेडला वेढा घातला. दोघेही पळायच्या तयारीत नव्हते, जेवत बसले होते.

प्राध्यापक कोपऱ्यात पोत्यावर बसला होता. ओठ फुटलेला, चष्म्याची एक काच गेलेली. मी हात सोडले तर म्हणाला, "साहेब, ह्यांना एकदा सांगा, मी खरं बोलत होतो."

त्यानं त्यांना स्वतःहून बँकेचं ॲप उघडून दाखवलं होतं. शिल्लक बघून त्यांनी मारलं, दुसरं खातं कुठे लपवलंस म्हणून. रिक्षावाल्याला कोठडीत विचारलं तर तो अगदी मनापासून गोंधळलेला होता. "साहब, बीस-पच्चीस तो मेरा भी होता है," म्हणाला. "ये युनिव्हर्सिटी का प्रोफेसर. हमको लगा येडा बनाता है." खरं बोलल्याबद्दल मार खाल्लेला साक्षीदार माझ्यासमोर तोवर आला नव्हता.

सुटका झाली तरी खरी लढाई ठाण्यात व्हायची होती. प्राध्यापकाचा जबाब घ्यायला बसलो, तर कॉलेजच्या संस्थेतून कुणा मोठ्या माणसाचा फोन. धंदा प्राध्यापक एवढंच लिहा, पगाराचा उल्लेख टाळता आला तर बघा, विनाकारण बदनामी होते. मी म्हटलं, आकड्यानं बदनामी होत असेल तर आकडा बदला, जबाब बदलणार नाही. फोन ठेवतो तोच वडील हात जोडून पुढे आले. बाहेर मामा आहेत, साहेब, तेवढं वगळा, लग्न मोडेल.

प्राध्यापकानं वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, मी खरं सांगितलं तेव्हा तुम्ही मला खोटं पाडलंत," तो म्हणाला. "इथं तरी पाडू नका." मग माझ्याकडे वळला. "लिहा, साहेब. तासिका तत्त्वावर. तासाला किती, वर्षातले किती महिने, सगळं लिहा. मी चोरी करत नाही, फिजिक्स शिकवतो."

मी लिहिलं. एकेक शब्द लिहिला, आणि वाचून दाखवताना केबिनचं दार मुद्दाम उघडं ठेवलं.

मामांनी अर्थातच आकाशपाताळ एक केलं. फसवणुकीचा गुन्हा दाखल करा, म्हणाले. त्यांची भाची, नवरी मुलगी, मागेच उभी होती. अंबरनाथच्या एका कंपनीत अकाउंट्सला काम करणारी, कमी बोलणारी. ती म्हणाली, "मामा, पगार मी विचारलाच नव्हता. तुम्ही विचारला होता." लग्न थोडं लांबलं, कारण खोटं सांगितल्याचा राग तिलाही होता आणि तो तिनं सासऱ्यांना स्पष्ट सांगितला. मग विहारात मोजक्या माणसांत लागलं. मी गेलो होतो. मामाही आले होते आणि पोटभर जेवले.

खटला उभा राहिला. वस्तीतली बरीच माणसं कोर्टात येऊन बसली होती, पेढे खाल्लेली. वडील साक्षीला उभे राहिले. आरोपीच्या वकिलानं नेमकं दुखणं पकडलं. फोनवर तुम्ही म्हणालात की मुलगा खोटं बोलतो. मग खोटारडा कोण, मुलगा की तुम्ही? मला वाटलं, म्हातारा कोसळणार.

ते कोसळले नाहीत. त्यांनी कठड्यावरचे हात काढले.

"मी," ते म्हणाले. "माझा मुलगा युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकवतो. तासावर पैसे भेटतात, महिन्याला वीस हजार पडतात, सुट्टीत तेवढे बी नाय. मला त्याची लाज वाटली, ती माझी चूक. ज्यांना वाटायला पायजे होती, त्यांना कोर्टानं समन्सच काढलं नाय."

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं नोंदवून घेतलं. आरोपींना शिक्षा झाली.

लोक मला विचारतात, या केसमधून काय शिकलात? शिकलो ते हे, की खोटा आकडा सांगणारा प्रत्येक माणूस चोर नसतो. ज्या माणसाला आपण 'सर' म्हणतो, आपली पोरं ज्याच्या हवाली करतो, त्याला रोजंदारीवर ठेवायचं आणि वर त्याच्या बापानं ताठ मानेनं पगार सांगावा अशी अपेक्षा करायची, हा उघड उघड गुन्हा आहे. आरोपपत्र पाठवायच्या आधी मी कायद्याचं पुस्तक घेऊन बसलो होतो. त्या गुन्ह्याला कलम नाही. मी शोधलं होतं.