चेंडूमागे

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा जन्म वर-खाली करण्यातच जातो. मिस्त्रींचंही तसंच. रविवार सकाळ तेवढी त्यांची स्वतःची. अंघोळ उरकून ते गावाबाहेरच्या गोल्फच्या सरावमैदानावर जायचे, बादलीभर चेंडू घ्यायचे आणि रबरी चटईवर उभं राहून एकेक फटकावायचे. समोर अफाट हिरवळ, पण तिच्यावर खेळणाऱ्याने पाऊल टाकायचं नाही. चेंडू गोळा करायला जाळी लावलेला ट्रॅक्टर फिरायचा.

"जगातले लोक चेंडू मारून पळत सुटतात," बायको म्हणायची, "आणि तुम्ही जागचे हलत नाही."

"मागे धावलो तर दुसऱ्यांच्या चेंडूंनी डोकं फुटेल माझं."

"फुटू दे. आत काय आहे ते तरी कळेल."

मिस्त्री हसायचे. पण एखादा फटका असा जमून यायचा की हाताला कळायचंसुद्धा नाही; चेंडू तरंगत उंचवट्यापलीकडे उतरायचा. तो कुठे विसावला असेल, गवतात कसा दिसत असेल, हे दिवसभर मनात घोळायचं. एकदा, एकदाच, आपल्या चेंडूपर्यंत चालत जावं! पण तसं चालत जायचं ते खऱ्या गोल्फ मैदानावर, आणि तिथलं सभासदत्व त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

लेकीचे सासरे त्या मैदानाचे जुने सभासद. पण मुलीच्या सासरी काही मागायचं म्हणजे मिस्त्रींची जीभ टाळ्याला चिकटायची. शेवटी लेकच बोलून गेली आणि व्याह्यांचा फोन आला.

"काय हो व्याहीबुवा, आमच्यापासून चोरून खेळता? रविवारी या. वर्षातून एकदाच पाहुणा आणता येतो, आमचा मेहुणा बसलाय टपून. त्याच्या आधी या."

रविवारी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून हजर. बायकोने बजावलं होतं, "तिथे हसं करून घेऊ नका." पहिल्याच फटक्याला सवयीने काम केलं. चेंडू सणसणत गेला आणि लांबवर पडला.

"वा!" व्याही म्हणाले आणि आपला चेंडू मारून चालू लागले.

मिस्त्री मात्र तिथेच. मान खाली, पाय रोवलेले, डाव्या हाताने बादली चाचपडताहेत.

"अहो, बादली नसते इथे!" व्याही पोट धरून हसले. "एकच चेंडू. जा त्याच्या मागे!"

मिस्त्रींचे कान लाल झाले. मग त्यांनी चटईवरून उतरावं तसं जपून पाऊल टाकलं. गवत बुटाखाली दबत होतं, पुन्हा उभं राहत होतं. त्यांनी चाल मुद्दाम मंद केली. आणि तो दिसला: ओल्या पात्यांत अर्धा रुतलेला, अगदी त्यांचा.

"मारा की आता!" पलीकडून व्याह्यांनी हाक दिली. "मागची मंडळी खोळंबलीत!"

मारला की तो पुन्हा लांब जाणार. मिस्त्रींनी काठी खाली टेकवली.

"मारतो हो," ते म्हणाले. "जरा उभं राहू द्या याच्याजवळ."