नानांनी उघडलेलं फोल्डर

भूतखेत, संकेत वगैरे गोष्टींना मी आजवर हसतच आले. वीस वर्षं नेटवर्क सपोर्टचं काम करते. माझ्या लेखी जे लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदीत नाही, ते घडलेलंच नाही. तरीही हे लिहितेय...

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली, आमचं घर. दुपारचे तीन. मुलीची, जानकीची, हळद तीन दिवसांवर. आम्हा तंजावूरच्या मराठी घरांत हळद लावताना मराठी गाणी म्हणतात. ती पूर्ण येणारी शेवटची बाई माझी आई, ती गेली. माझ्या वडिलांनी, नानांनी, तिची गाणी रेकॉर्ड करून आपल्या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर ठेवली होती. गेल्या वर्षी नानाही गेले — पासवर्ड कुणाला न सांगता!

माझ्या विंडोज लॅपटॉपवर त्यांचं शेअर केलेलं फोल्डर दिसत होतं. क्लिक केलं की ॲक्सेस डिनाइड. फायरवॉल बंद केली, सेटिंग्ज बदलल्या, सुचतील ते पासवर्ड टाकले. सगळे चुकीचे. मला रडू यायला लागलं. आईच्या गाण्यांशिवाय हळद?

जानकी शेजारी बसली. तिला मराठी कळतं, पण उत्तर तमिळमध्येच. स्क्रीनला हात जोडून म्हणाली, "नाना, तिरंग नाना!" — उघडा म्हणून.

मी वैतागून म्हटलं, "तमिळमध्ये मागून नानांनी कधी काही दिलंय का गं?"

खरंच होतं ते. नाना बाहेर फर्डं तमिळ बोलत, पण घरात कुणी तमिळमध्ये काही मागितलं की ऐकूच न आल्यासारखे बसत.

जानकी लाजली. मग अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "नाना... मला आजीचीं गाणीं पाह्यजेत. हळदीला. द्या की हो."

आणि क्लिक केलं.

फोल्डर उघडलं!

मी आधी सगळं कॉपी केलं, मग तपासलं. कनेक्शन नानांच्या नावाने झालेलं. पासवर्ड कुठेच सेव्ह नाही. लॅपटॉप रीस्टार्ट केला — पुन्हा ॲक्सेस डिनाइड. मी शुद्ध मराठीत विनवून पाहिलं, तरी फोल्डर ढिम्म हललं नाही. आजही नाही.

हळदीला स्पीकरवर आई गात होती आणि तिच्या मागोमाग, चुकतमाकत, माझी नवरी मुलगी. माझ्या कामाचा मला कमी अभिमान नाही, पण त्या दिवशीइतक्या ताठ मानेने मी कधीच बसले नव्हते.

कारण विचाराल, तर अजून सापडलेलं नाही. जानकी मात्र हल्ली सासरहून, चेन्नईहून फोन करते, तेव्हा काही हवं असलं की मराठीतच मागते.