शेवटचा तुकडा

तंजावूरच्या एका कॉलेजात शेषगिरी राव कॉम्प्युटर लॅब सांभाळत. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच काम उरलं, ते म्हणजे जुन्या पद्धतीनं साठवलेले आवाज वाजवणारा एक प्रोग्राम. तो सर्वांसाठी खुला, फुकट. वापरणारे जगभर, दुरुस्ती करणारे हे एकटे. मूळचा तो एम. के. राव नावाच्या गृहस्थांनी लिहिलेला. दोघांचा सहा वर्षं इंग्रजीत ईमेलनं व्यवहार चालला, पण कोण कुठला हे कोणी विचारलं नाही. २०१२ साली त्यांच्या ईमेल थांबल्या.

गेल्या वर्षी शेषगिरींनी सगळा प्रोग्राम नव्यानं लिहायला घेतला. जुना प्रोग्राम प्रत्येक फाइलचा अगदी शेवटचा तुकडा गाळायचा. एम. के. रावांनी प्रोग्राममध्ये त्या ओळीपाशी लिहून ठेवलं होतं, ‘हे असंच राहू द्या.’ कारण काही दिलं नव्हतं. लोकांची लग्नाची, भजनाची रेकॉर्डिंग त्यामुळं शेवटी तुटत. शेषगिरींनी तो दोष काढला आणि प्रोग्रामसोबत तपासणीसाठी दिल्या जाणाऱ्या फाइल एकेक करून वाजवल्या.

त्यातली सर्वांत जुनी फाइल रावांनीच २००३ साली ठेवलेली होती. नऊ सेकंदांची. तीत पंख्याची घरघर तेवढी आहे, असं सगळे समजत. या वेळी घरघर थांबली आणि एक बाई अगदी कानाशी बोलली, “अन्न निवतें, मुरली. ये.”

शेषगिरींनी हेडफोन उतरवला. भर दुपार होती. बायकोला, नित्याला, बोलावून त्यांनी तो आवाज ऐकवला. तिनं ताबडतोब सांगितलं की ही आपल्यातलीच, तंजावूरकडच्या मराठी घरातली बाई. पुण्याकडची असती तर ‘निवतंय’ म्हणाली असती.

प्रोग्रामच्या वेबसाइटच्या जुन्या नोंदणीत रावांचा पत्ता निघाला. ओरत्तनाडु. बसनं तासाभराची वाट. इतकी वर्षं तो माणूस तिथं होता.

दार त्यांच्या थोरल्या बहिणीनं, वरलक्ष्मींनी उघडलं. मुरलीकृष्ण बारा वर्षांपूर्वीच वारला, असं त्यांनी सांगितलं. शेषगिरींनी संकोचत फोन पुढं धरला. आवाज संपला तेव्हा वरलक्ष्मी खुर्चीतून अर्ध्या उठलेल्या होत्या.

“आमची आई,” त्या म्हणाल्या. “पण ती शहाऐंशी साली गेली. तेव्हा घरात आवाज धरून ठेवायचं यंत्रच नव्हतं.”

मग त्या सावकाश बोलू लागल्या. मुरली दुपारी कॉम्प्युटरपुढं बसलेला असे. कधीमधी विचारी, आक्का, हाक मारलीस का? शेवटच्या दिवशी त्यानं विचारलं नाही. ‘आलो’ म्हणून उठला आणि उंबऱ्यापाशी कोसळला.

“मी हाक मारली नव्हती,” त्या म्हणाल्या. “हे परत कोणाला ऐकवू नका.”

घरी येऊन शेषगिरींनी तपासणीतून ती फाइल काढली आणि तिच्या जागी दुसरी ठेवली. शेवटचा तुकडा पुन्हा गाळावा की काय, यावर ते दोन दिवस अडले. पण लोकांची भजनं तोडायला हात धजेना, म्हणून दुरुस्ती तशीच राहिली. त्या फाइलच्या प्रती मात्र आधीच जगभर पोचलेल्या होत्या.

महिन्याभरानं नॉर्वेहून एकाची ईमेल आली. पंख्यानंतर एक बाई बोलते, ती काय म्हणते?

 शेषगिरींनी लिहिलं, ‘आई मुलाला जेवायला बोलावते आहे. कृपया फाइल पुसून टाका.’

उत्तर लगेच आलं. त्या माणसानं लिहिलं होतं की फाइल पुसून टाकली, पण आमच्याकडे त्या बाईची हाक अजून रोज दुपारी ऐकू येते.