टॉवेलाखालचा पंजा

माझ्या थोरल्या भावानं मला वाटणीत फसवलं. घराची पुढची बाजू माझ्या गळ्यात घातली आणि मागचं परडं स्वतःकडे ठेवलं. हे मी गावात बोललो की लोक हसतात. पुढची बाजू रस्त्याला लागून आहे आणि आमच्या उंब्रज भागात रस्त्याच्या जागेसाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. लोकांना वाटतं मीच दादाला गुंडाळला. लोकांना काय कळतंय?

मला गुंडाळणं सोपं नाही, हेही सांगून ठेवतो. मी जनावरांच्या बाजारात उभं आयुष्य काढलं. आमच्याकडे अशा माणसाला हेडी म्हणतात. सुरुवातीला दुसऱ्यांच्या म्हशी कराडच्या बाजाराला चालवत नेत होतो. पायात चप्पल नसायची. पुढे स्वतःच्या हिमतीवर फलटण, सांगली, माणदेश, सगळे बाजार पालथे घातले. बैलाच्या चालीवरून मी त्याचं वय सांगतो आणि मालकाच्या चालीवरून त्याची अडचण. डोकं गरम आहे, ते मान्य. पण व्यवहारात मला कुणी बनवलं नाही. बनवलं ते एकट्या दादानं, आणि तो तर साधा फौजी माणूस. बाजारात त्याला कुणी शेळीसुद्धा घ्यायला पाठवणार नाही.

बाजारात आमचा सौदा तोंडानं होत नाही. दोघांचे हात एका टॉवेलाखाली जातात. बोट धरायचं, सोडायचं, दुसरं धरायचं. आकडा दोघांनाच कळतो आणि बघणाऱ्यांना फक्त हलणारा टॉवेल दिसतो. शेवटी एकानं दुसऱ्याचा अख्खा पंजा धरून दाबला की सौदा पक्का. त्यानंतर कुणी मागं फिरत नाही.

आमची वाटणी भांडणातून झाली नाही. दादा फौजेतून पेन्शनवर घरी आला होता. मला रस्त्याकडेला पेंडीचं, सरकीचं, दाव्या-घुंगरांचं दुकान टाकायचं होतं. आई-वडील गेले होते. मिरजेच्या मामांना मध्ये बसवलं. मीच म्हणालो, तोंडानं नको, तोंडानं बोललं की बायकांना लागतं, माणसांना लागतं. आपण बाजारातल्यासारखं करू. एक बोट म्हणजे पुढची बाजू, दोन बोटं म्हणजे मागची. दादानं खांद्यावरचा हिरवा फौजी टॉवेल काढून आमच्या हातांवर टाकला. धाकट्यानं आधी मागायचं, अशी रीत. मी एक बोट धरलं.

दादा बराच वेळ काहीच करेना. मग त्यानं माझा अख्खा पंजा हातात घेतला आणि दाबला. जोरात दाबला. मी टॉवेल ओढून काढला आणि मामांना म्हणालो, "झालं. पक्कं." मामा म्हणाले, "शाबास रं, भावांनी असं असावं." दादा उठून गाईला वैरण टाकायला गेला.

फसवणूक कळायला हिवाळा यावा लागला.

आमचं घर असं की पाठ पूर्वेला आणि तोंड महामार्गाकडे. थंडीत सकाळचं सगळं ऊन मागच्या परड्यात पडतं. माझ्या दुकानात दुपारपर्यंत सावली, आणि ऊन येतं तेव्हा ट्रकची धूळ घेऊनच येतं. त्या पहिल्या थंडीत मी कानाला मफलर बांधून गल्ल्यावर बसलो होतो आणि मागून दादाच्या खोकण्याचा, वहिनींच्या बांगड्यांचा, बंबात ढलप्या पडल्याचा आवाज येत होता. दोन्ही बाजूंच्या मध्ये एक दार होतं. मी दार ढकललं. दादा उन्हात वाकळ टाकून पाय पसरून बसला होता, अंगाला तेल लावत. आमच्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली तीच वाकळ.

त्या एका वाकळेत आम्ही दोघं भाऊ वाढलो. आई थंडीच्या दिवसांत उजाडायच्या आधी उसाच्या तोडीला जायची. ती उठली की माझी झोप मोडायची आणि मी तिच्यामागं पळायला बघायचो. दादा झोपेतच हात लांबवून माझा पंजा मुठीत धरायचा. बोलायचा नाही. पंजा धरला याचा अर्थ एकच, जाऊ नको, मी हाय. मग मी परत त्याच्या पोटाशी शिरायचो. त्याच्या अंगाला चुलीच्या राखेचा वास यायचा.

तर त्या सकाळी मी वाकळेच्या कडेला बसलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, दुकान उघडं टाकून आलायसा?"

"बघायला आलो, ऊन कुणाच्या नावावर हाय ते."

"बसा की मग. सातबारा दावते तुमाला," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात चहा दिला.

तेव्हापासून हिवाळ्यात माझं दुकान उशिरा उघडतं. गिऱ्हाईक बोंबलतं, बोंबलू दे. बंबाचं पाणी अंगावर घेतल्याशिवाय मला आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. माझ्या बाजूला गीझर आहे. माझी बायको तो पाहुण्यांना दाखवते आणि स्वतः बादली घेऊन मागच्या न्हाणीकडे जाते. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी मागच्या चुलीवरच होते, कारण आमच्या गॅसवर ती फुगत नाही. हे बायकोचं म्हणणं. मी तपासून बघितलेलं नाही, तपासायची इच्छाही नाही.

उन्हाळ्यात तर उघड अन्याय. दोघी जावा मिळून कुरडया घालतात आणि गव्हाचा चीक शिजतो त्याच चुलीवर. त्याचा वास दारातून, खिडकीतून, पेंडीच्या पोत्यांमधून वाट काढत थेट माझ्या नाकाशी येतो. मी उधारीवाल्याशी कितीही तावातावानं बोलत असलो तरी आवाज उतरतो. मग काहीतरी निमित्त लागतं. एकदा मी नवं दावं हातात घेऊन गेलो.

वहिनींनी वर न बघता विचारलं, "दावं कशाला?"

"बैलाचं जुनं झालंय. म्हटलं, बघावं."

"बैल रानात चरायला गेलाय. वाटी तिथं पाटावर ठेवलीय, गूळ घातलाय. तुमच्या दाव्याला वास लय लवकर लागतो, भावजी."

दादा तोंडात चीक धरून हसला आणि त्याला ठसका लागला. मी त्याची पाठ चोळली. चोळली म्हणजे जरा जोरातच मारली. त्या दिवशी चीक थोडा करपलेला होता आणि करपलेला भाग मी मागून घेतला, कारण तो आम्हा दोघांनाही आवडतो.

पण सगळ्यात जास्त जळतो मी बेंदराला, बैलांच्या सणाला. मी आयुष्यभर बैल घेतले, बैल विकले. माझ्या हातून गेलेले बैल मिरजेपासून म्हसवडपर्यंत गोठ्यागोठ्यांत उभे आहेत, आणि बेंदराला ओवाळायला माझ्या दारात एक बैल नाही. कारण माझ्या दारात खुंटा ठोकायला जागा नाही. दारासमोर डांबर आहे. म्हणून मी एक खिलार खोंड पारखून आणला आणि दादाच्या परड्यात बांधला. तो आता पोक्त बैल झालाय. शेतीला ट्रॅक्टर आहे, बैलाचं काम काही नाही. तरी तो आहे. बेंदराच्या दिवशी सकाळीच मी रंगाचे डबे घेऊन दारात हजर.

"उजवं शिंग माझं," मी म्हणतो.

"डावं घे," दादा म्हणतो.

"बैल कुणी आणला?"

"वैरण कोण घालतंय? बेंदरापुरता आलेला पाव्हणा व्हय?"

"पारख माझी हाय म्हणून तर असा देखणा निघाला. तुझ्यावर सोपवलं असतं तर गाढव घेऊन आला असतास, झूल घालून."

वहिनी पुरणाचा हात तसाच ठेवून बाहेर येतात. "आवं, दोनच शिंगं हायत म्हणून बरं. तिसरं असतं तर कोर्टात गेला असता दोघं."

शेवटी उजवं मी रंगवतो, डावं दादा. रंग दोघांचे वेगळे. गेल्या बेंदराला माझं लाल आणि त्याचं फौजी हिरवं. मिरवणुकीत पोरं हसली. बैलाला काही वाटलं नाही. पाऊस आला तेव्हा दोन्ही रंग त्याच्या कपाळावर येऊन मिसळले आणि दादा आपल्या हिरव्या टॉवेलानं ते पुसत राहिला, लहान पोराचं नाक पुसावं तसं.

त्या मधल्या दाराबद्दल सांगायचं राहिलं. वाटणीच्या वेळी मामा म्हणाले होते, दाराच्या जागी भिंत घाला, पुढच्या पिढीत कटकट नको. दादानं विटा आणल्या आणि परड्यात रचून ठेवल्या. म्हणाला, बांधू सावकाश. त्या विटांवर पावसाळ्यात शेवाळ आलं. वहिनींनी त्यांच्यावर दोडक्याचा वेल सोडला. एका कोंबडीनं तिथं पिल्लं काढली. भाद्रपदात आम्ही त्याच विटांवर बसून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खातो आणि टरफलं एकमेकांच्या बाजूला टाकतो. त्या विटा भिंतीसाठी आणल्यात हे घरात सगळे विसरले. निदान मी विसरलो.

या वर्षी वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं. दादाचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. पोरगं गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो म्हणाला, तुम्ही दोघं आता माझ्याकडे या, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. मागची बाजू भाड्यानं देऊ. दादा हो म्हणाला. मला हे दादानं सांगितलं नाही. मला कळलं ते गवंड्याकडून, कारण एका सकाळी मी मधलं दार ढकललं तर समोर गवंडी दोरी लावून उभा होता आणि दादा खाली बसून दोडक्याचा वेल विटांवरून सोडवत होता. तोडत नव्हता, एकेक तंतू सोडवत होता.

माझं डोकं फिरलं. घमेलं लाथेनं उडवलं. "हे काय चाललंय?"

"भिंत," दादा म्हणाला. "भाडेकरू येणार. परक्या माणसाला तुझ्या घरात उघडं दार कसं ठेवायचं?"

"आणि बैल?"

"तुझ्याकडं बांध."

"कुठं बांधू? महामार्गावर? टोलनाक्याला?"

गवंडी हळूच विडी काढून बाजूला झाला. मी मग सगळंच काढलं. म्हणालो, "तू मला आधीच फसवलंस. ऊन घेतलंस, चूल घेतलीस, खुंटा घेतलास. मला धूळ दिलीस. आता दार पण घेतोस?"

"बोट तू धरलंस. एक."

"आणि पंजा तू दाबलास! पक्का तू केलास!"

दादानं माझ्याकडं बघितलं. मग तो म्हणाला, "पक्का? पंजा दाबला म्हंजे पक्का?"

"मग काय? सगळ्या बाजारात तसंच असतं."

"मला काय ठावं तुझा बाजार? मी कवा बैल इकलेत?" त्यानं हातातला वेल खाली ठेवला. "वाकळंत धरायचो तसा धरला होता गड्या. म्हटलं, जाऊ नको. वाटणीच नको. तू तर टॉवेल ओढलास आणि मोकळा झालास."

वहिनी दारात काठी धरून उभ्या होत्या. त्यांना हे माहीत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. म्हणजे माहीत नसलेला मी एकटाच. मी जाऊन विटांवर बसलो. गवंड्यानं विचारलं, "मग आज बांधायचं का न्हाई?" मी विटांवरून उठलो नाही. तो दोरी गुंडाळून गेला. विटा जिथल्या तिथं आहेत, कारण दिवसातून जेवढा वेळ मिळेल तेवढा मी त्यांच्यावर बसून असतो. पाडव्याला दादाला न्यायला गाडी येणार, असं ठरलंय.

दादा, हे तुला वहिनी वाचून दाखवतील, तुझा चष्मा कधी जागेवर नसतो. मी हेडी माणूस, माझ्या हातात पंजा दिलास तर मी पक्काच समजणार, हे तुला कळायला हवं होतं. फौजेत हुकूम खणखणीत आवाजात द्यायचास ना? मग त्या दिवशी, मामा समोर बसलेले असताना, तुझं तोंड कुठं होतं? दोन शब्द बोलला असतास तर मी दुकान दुसरीकडे टाकलं असतं. इतकी वर्षं हिवाळ्यात तुझ्या उन्हात पाहुण्यासारखा बसलो, ते घरचा म्हणून बसलो असतो. याचा जाब मला पाहिजे. मामांना विचारायचा नाही, पोराला विचारायचा नाही, तुलाच विचारायचा आहे. त्या दिवशी बोलला का न्हाईस? आणि आता पुण्याला जायचं तुझं खरंच पक्कं आहे, की हेही तू कुणाचा तरी हात धरून मुक्यानंच ठरवलंयस? टॉवेल आणू नको. हात पुढं करू नको. परड्यात ये, माझ्या समोर उभा राहा आणि तोंडानं उत्तर दे.