काडी कुणी मोडली

लिलाबाईने आयुष्यात एक गोष्ट निव्वळ स्वतःच्या मनाने केली. बाविसाव्या वर्षी, ताम्हिणीजवळच्या वाडीत पंचांसमोर बसून तिने गवताची काडी मोडली आणि मारकुट्या नवऱ्याला सोडचिठ्ठी दिली. काडी पुरुषाने मोडायची, असे पंच सांगत राहिले. तोवर तिने दोन तुकडे त्यांच्यासमोर ठेवलेही होते.

पोटातली मोनाली घेऊन ती माण गावात आली. आता साठीला टेकली आहे, जुईलीकडे धुणीभांडी करायची. जुईली आयटीत नोकरीला. हौशी नाटकेही करते. लिलाबाई भांडी घासायची, जुईली ओट्यावर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून तिच्या आयुष्यातले एकेक विचारायची. त्यातून एकपात्री नाटक उभे राहिले. आठ वर्षांची, बाविशीची, साठीची लिलाबाई, सगळ्या जुईलीच.

लिलाबाईची अट एकच होती. "ताई, मला टाकलेली म्हनू नका. म्या सोडला त्याला."

"हो मावशी, तोच तर मेन सीन आहे."

सोसायटीच्या हॉलमधल्या प्रयोगाला मायलेकी पहिल्या रांगेत होत्या. बाविशीची लिलाबाई गुडघ्यांवर बसून हात जोडू लागली. मग जुईलीने नवऱ्याचा आवाज काढला, "चालती हो!" आणि काडी मोडून भिरकावली. मागे लोक डोळे पुसत होते.

मोनाली हळूच म्हणाली, "आये, तू तर म्हनायचीस, तूच मोडली."

"म्याच मोडली."

"मग हितं असं का दावत्यात?"

पडदा पडल्यावर लिलाबाईला शाल-नारळ मिळाला. माइक जुईलीच्याच हातात राहिला.

दुसऱ्या दिवशी लिलाबाईने विचारले, "काडी त्यानं का मोडली, ताई?"

"अहो, तुम्ही मोडलीत तर लोक रडत नाहीत. नाटक आहे ते."

"रडायचं कशापायी? त्या दिशी म्या पोटभर जेवले व्हते."

जुईली हसली. लिलाबाईने केरसुणीची एक काडी उपसली, तिच्या डोळ्यांसमोर धरून मोडली, तुकडे ओट्यावर ठेवले आणि चपला घातल्या.

"वा मावशी! थांबा ना, परत एकदा. व्हिडिओ घेते."

लिलाबाई तिथे पुन्हा गेली नाही. मोनालीने मोबाइलवर पुढचा प्रयोग पाहिला. आता नवरा काडी भिरकावत नाही; डोळ्यांसमोर धरून मोडतो आणि तुकडे खाली ठेवतो. तिथे टाळी पडते.