उभ्या नवरात्रातले बसणे

आपल्या घरात देवाविषयी फार बोलले जात नाही, हे तुम्हा मुलांना ठाऊकच आहे. मी साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि नवस, कौल, अंगारे यांपासून थोडे अंतर राखून होते. आजही त्यात फारसा बदल झालेला नाही. तरीही साठच्या दशकातली एक दिवाळी तुमच्यासाठी लिहून ठेवावीशी वाटते. जे घडले ते क्रमाने सांगते. त्याला काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा.

माझे माहेर मूळचे माणदेशातले, आणि म्हसवडचा सिद्धनाथ हे आमचे कुलदैवत. तिथे दिवाळीच्या पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत देवाच्या लग्नाचा सोहळा चालतो. त्या दिवसांत काही भाविक उभे नवरात्र करतात. ते संपेपर्यंत बसायचे नाही, आडवे व्हायचे नाही. झोप अनावर झाली तर खांबाला टेकून डुलकी घ्यायची. माझी आई हे व्रत लग्न झाल्यापासून करत आली होती. त्या वर्षी मात्र ती माधवनगरला माझ्या भावाकडे अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर फारसे बोलत नव्हते, आणि त्यांच्या न बोलण्यातून आम्हाला समजत होते. तिने मला एवढेच विचारले, "यंदा माझ्याऐवजी तू उभी राहशील?" मी हो म्हटले, ते देवापेक्षा तिच्यासाठी. पण देवळात काही दिवस उभे राहिल्यावर मन वेगळ्याच वाटेने जाऊ लागते. मी उभी आहे तोवर आई आहे, असे मला वाटू लागले. त्याला काही आधार नाही हे कळत होते आणि तरीही वाटत होते.

निम्मे नवरात्र सरले आणि भावाची तार आली. आईचे काही खरे नव्हते, लगेच निघायला सांगितले होते. भावाच्या ओळखीचे सांगलीचे एक जैन व्यापारी शेंगांच्या खरेदीसाठी म्हसवडला आलेले होते. तारेचे कळताच ते आपणहून देवळापाशी आले. "ताई, जीप आत्ता निघतेय. तुम्हाला माधवनगरला सोडतो." जीपमध्ये उभे राहता येत नाही. मी एसटीने येते म्हणून सांगितले. ते माझ्याकडे पाहतच राहिले. "अहो, आई वाट बघतेय आणि तुम्ही एसटीची वाट बघणार?" एसटीत उभी राहून गेले की आईपाशीही पोचेन आणि व्रतही टिकेल, असे मी मनाशी ठरवले होते. मला दोन्ही हवे होते. जीप धूळ उडवत निघून गेली आणि मी स्टँडवर उभी राहिले.

गाडी आली ती निम्मी रिकामी. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा की. उभ्यानं गेलं म्हणून तिकीट कमी न्हाई व्हायचं." सगळे हसले. नवरात्र आहे म्हटल्यावर त्याने हात जोडले आणि घंटी मारली. मायणीच्या पुढे रस्ता खराब होता. पाय सुजून जड झाले होते, डोळे मिटत होते. एका वळणावर माझा हात दांडीवरून सुटला आणि मी मागे गेले. तेवढ्यात कुणीतरी कमरेला घट्ट धरले. माझ्याच वयाची एक बाई आपली जागा सोडून माझ्यामागे उभी होती.

"लय सुजल्यात की पाय. टेका माझ्यावर."

पुढच्या बाकावरची म्हातारी लगेच वळली. "आवं, शिवू नगा त्यांना! नवरात हाय त्यांचं."

"मग पडू द्यू व्हय? पडल्यावर तुमी उचलनार?" म्हातारी पुन्हा पुढे बघू लागली. मग ती बाई हळू आवाजात मला म्हणाली, "आमी बुद्धाची दीक्षा घेतल्यापासनं नवस-बिवस सोडलाय. माझ्या धरण्यानं तुमचं काय बिघडत आसंल तर सांगा."

मी म्हटले, "धरा."

"तुमचा देव लय कडक दिसतोय. बसू बी दीना बाईमाणसाला." तार आल्यापासून मी पहिल्यांदा हसले. तिचा नवरा माधवनगरच्या गिरणीत कामाला होता. जागा रिकामी असून ती बाई तिथपर्यंत माझ्याबरोबर उभी राहिली, मला भावाच्या दारापर्यंत घेऊन आली आणि आपल्या वाटेने गेली. तिचे नाव विचारायचे मला सुचले नाही.

आई होती. खाटेवर अगदी लहान दिसत होती. मी उशाशी जाऊन उभी राहिले. तिने डोळे उघडले, मला ओळखले आणि म्हणाली, "बस."

भाऊ म्हणाला, "आई, तिचं नवरात्र आहे अजून."

"नाथाला काय ते मी सांगते. तू बस गं."

मी बसले. तिचे डोके मांडीवर घेतले. तिने विचारले, देवाला हळद लागली का? मी लागली म्हटले. मग बराच वेळ तिचे केस मी बोटांनी विंचरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आई बरी झाली नाही, म्हणून याला कुणी चमत्कार म्हणणार नाही. त्या बाईला देवाने पाठवले असे मी म्हटले असते, तर तीच आधी हसली असती. पण मी पडले नाही, वेळेत पोचले, आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलेले व्रत आईने एका वाक्यात माझ्याकडून काढून घेतले. नंतर तेरावे झाल्यावर लक्षात आले, की सुतक लागताच ते नवरात्र तसेही सुटणारच होते. मी शेवटपर्यंत उभी राहिले असते, तरी ते पुरे होणार नव्हते. हुकले असते ते फक्त आईजवळ बसणे. ते मला मिळाले ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. मला ते दिले गेले, आणि त्यासाठी मी अजून हात जोडते.